निळ्या नाकतोड्याचा पिवळा रंग

जिन्याखाली सायकली. गच्चीवर पापड. मधे तीन मजले माणसं. अशी एक बिल्डिंग होती.

दुसऱ्या मजल्यावर दिगूकाका राहायचे. त्यांचं दार कायम उघडं. जाता-येता आत काय चाललंय ते दिसायचं. दिसायचं म्हणजे काय, मान वळवून बघावंच लागायचं!

काकांकडे एक प्रिंटर होता. घेतला तेव्हा पांढराशुभ्र. आता म्हातारा. आजोबांच्या दातांसारखा पिवळट. त्याच्यावर क्रोशाचं झाकण. झाकण काढलं, बटण दाबलं, की तो आधी खोकायचा. मग थरथरायचा. मग म्हणायचा,

खर्रर्र... खट्!
खर्रर्र... खट्!

आणि चित्र बाहेर!

बिल्डिंगमधलं पोर बालवाडीत निघालं, की काका विचारायचे, "बोल बाळा, तुला काय हवं?"

पोर म्हणायचं, "हत्ती!"

खर्रर्र... खट्! हत्ती बाहेर.

तो हत्ती दप्तरावर चिकटायचा. मग दप्तर हरवायचं नाही. पोर रडायचं नाही. हत्ती बरोबर असायचा ना!

कुणाला हत्ती. कुणाला मासोळी. कुणाला लाल छत्री. प्रत्येक चित्राचा एक जोडीदार काका आपल्या कपाटाच्या दारावर लावायचे. कपाट कसं भरून गेलं होतं!

मोठ्या माणसांना मात्र रंग मिळायचा नाही.

वरच्या पालकरकाकू यायच्या. म्हणायच्या, "भाऊजी, हळदीकुंकवाचं बोलावणं आहे. कुंकू तेवढं लाल छापा ना."

काका म्हणायचे, "बोलावणं बालवाडीत जाणार आहे का?"

"इश्श! काहीतरीच काय?"

"मग काळं. रंग पोरांचे."

"जन्माचे हट्टी आहात!" असं म्हणून काकू काळं बोलावणं घेऊन जायच्या.

मग पोरं मोठी झाली. हत्तीवाला बोटीवर गेला. मासोळीवाली दूरच्या गावी डॉक्टरीण झाली. छत्रीवाल्याला तर मिशी आली! जिना शांत झाला. कुणी धावेना. कुणी घसरेना. कुणी घंटी वाजवून पळेना.

पण काकांचा नियम तोच. रंग पोरांचे. काळी शाई खर्रर्र जायची, खर्रर्र यायची. बाकीचे रंग डबीत बसून राहिले. वाट बघत बसून राहिले.

आणि मग समोरच्या घरात रेवू आली. रांगली. चालली. बोलली. एवढीशी होती, तेवढीशी झाली. आता उद्या तिची बालवाडी!

काकांनी विचारलं, "बोल बाळा, तुला काय हवं?"

रेवू म्हणाली, "नाकतोडा!"

"नाकतोडा? तो कशाला गं?"

"तो उडी मारतो. गच्चीवर असतो. हिरवा असतो. हिरवाच पाहिजे हं, काका!"

"हिरवाच देतो. संध्याकाळी चिकटवू."

रेवू घरी गेली. टेबलाखाली जाऊन बसली. म्हणाली, "नाकतोडा येईपर्यंत मी बोलणारच नाही. नाकतोडा नाही, तर शाळा नाही."

आणि गप्प झाली. अगदी गप्प.

दुपार झाली. काकांनी झाकण काढलं. बटण दाबलं. प्रिंटर खोकला. थरथरला.

खर्रर्र... खट्!
खर्रर्र... खट्!

कागद बाहेर आला. काकांनी तो डोळ्यांजवळ नेला. डोळ्यांपासून लांब नेला. चष्मा काही सापडत नव्हता. सगळं कसं धुकट, धुकट.

"हिरवा आहे ना रे?" काकांनी प्रिंटरलाच विचारलं. मग म्हणाले, "असणारच. आपल्या हातचा आहे."

कागद टेबलावर ठेवला. पलंगावर आडवे झाले. घुर्रर्र... फुस्स. घुर्रर्र... फुस्स.

इकडे कागदावरच्या नाकतोड्यानं डोळे उघडले. एक पाय हलवला. दुसरा पाय हलवला. आणि कागदातून उडी मारली.

सळ् टुण्ण!

कागदावर राहिली नाकतोड्याएवढी पांढरी जागा.

टेबलावर होता स्टीलचा तांब्या. नाकतोड्यानं त्यात पाहिलं. पाठ निळी! पाय निळे! मिशा निळ्या!

"अगो बाई!" नाकतोडा म्हणाला. "मी तर हिरवा ना? मग निळा कसा?"

कपाटाच्या दारावरून हत्ती बोलला. खूप जुना हत्ती. उन्हानं फिका झालेला. "बाळा, निळ्यावर पिवळा पडला, की हिरवा होतो. तुझा निळा पडला. पिवळा पडायचा राहिला."

"मग माझा पिवळा कुठाय?"

"प्रिंटरात. डबीत. जा, विचार. लवकर जा हं. संध्याकाळी रेवू यायची."

नाकतोडा निघाला. सळ् टुण्ण, सळ् टुण्ण. प्रिंटरात शिरला. आत अंधार. आत डबी. डबीत पिवळी शाई.

नाकतोडा म्हणाला,

"शाई गं शाई, ये.
शाई येईना,
आणि मी हिरवा होईना!"

पिवळी शाई डबीतून म्हणाली, "मी कशी येऊ? मी तर कधीची तयार आहे. पण खालचं तोंड बंद आहे. तोंड उघडेल, तर मी येईन."

नाकतोडा निघाला. सळ् टुण्ण, सळ् टुण्ण. शाईच्या डबीखाली होतं शाईचं तोंड. एवढंसं तोंड. मिटलेलं तोंड.

नाकतोडा म्हणाला,

"तोंडा रे तोंडा, उघड.
तोंड उघडेना,
शाई येईना,
आणि मी हिरवा होईना!"

तोंड ओठांतल्या ओठांत म्हणालं, "म्मी क्कसं उघडू? कित्ती दिवसांत पिवळा रंग कुणी मागितलाच नाही. शाई वाळली. ओठ चिकटले. ओलं फडकं पुसेल, तर मी उघडेन."

नाकतोडा निघाला. सळ् टुण्ण, सळ् टुण्ण. खुंटीवर होतं फडकं. मऊ मऊ मलमलचं. पूर्वी ते झबलं होतं. बिल्डिंगमधल्या सगळ्या बाळांनी ते घातलं होतं. आधी हत्तीवाल्यानं. मग मासोळीवालीनं. मग छत्रीवाल्यानं. सगळ्यात शेवटी रेवूनं. मग विरलं आणि फडकं झालं.

नाकतोडा म्हणाला,

"फडक्या रे फडक्या, भिज.
फडकं भिजेना,
तोंड उघडेना,
शाई येईना,
आणि मी हिरवा होईना!"

फडकं म्हणालं, "आलं का माझं निळं सोनं! पण राजा, मी कसं भिजू? पाणी तर गार आहे. वाळलेली शाई गार पाण्याला दाद देत नाही. आणि कोरड्यानं पुसलं तर ओरखडा उठेल. पाणी तापेल, तर मी भिजेन."

नाकतोडा निघाला. सळ् टुण्ण, सळ् टुण्ण. स्वयंपाकघरात होतं पातेलं. पातेल्यात होतं पाणी. गार गार, गप्प गप्प.

नाकतोडा म्हणाला,

"पाण्या रे पाण्या, ताप.
पाणी तापेना,
फडकं भिजेना,
तोंड उघडेना,
शाई येईना,
आणि मी हिरवा होईना!"

पाणी हललं. चुळ्ळ! म्हणालं, "लांब हो रे! निळीच्या पुडीतून आलास वाटतं? मला निळं करशील! मी कसं तापू? शेगडी पेटेल, तर मी तापेन."

नाकतोडा निघाला. सळ् टुण्ण, सळ् टुण्ण. पातेल्याखाली होती शेगडी. काळी शेगडी. विझलेली शेगडी.

नाकतोडा म्हणाला,

"शेगडी गं शेगडी, पेट.
शेगडी पेटेना,
पाणी तापेना,
फडकं भिजेना,
तोंड उघडेना,
शाई येईना,
आणि मी हिरवा होईना!"

शेगडी म्हणाली, "बाजूला हो आधी! कागदाचा आहेस ना तू? माझ्याजवळ यायचं नाही. छोट्यांनी तर मुळीच यायचं नाही. मी मोठ्या माणसांच्या हातानंच पेटते. काका उठतील, तर मी पेटेन."

नाकतोडा निघाला. सळ् टुण्ण, सळ् टुण्ण. पलंगावर होते काका. घुर्रर्र... फुस्स. घुर्रर्र... फुस्स. नाकतोडा त्यांच्या पोटावर चढला. पोट वर गेलं, नाकतोडा वर. पोट खाली आलं, नाकतोडा खाली.

नाकतोडा म्हणाला,

"काका अहो काका, उठा.
काका उठेनात,
शेगडी पेटेना,
पाणी तापेना,
फडकं भिजेना,
तोंड उघडेना,
शाई येईना,
आणि मी हिरवा होईना!"

काकांनी एक डोळा उघडला. "कोण आहे? पालकरवहिनी? लाल मिळणार नाही!"

"अहो, मी नाकतोडा!"

"असशील बाबा. मला कुठं दिसतंय? चष्मा नाही. चष्म्याशिवाय मी शेगडीपाशी जात नाही. परवा दूध समजून ताक तापवलं. चष्मा मिळेल, तर मी उठेन."

आणि डोळा मिटला. घुर्रर्र... फुस्स.

नाकतोडा निघाला. सळ् टुण्ण, सळ् टुण्ण. उशीखाली पाहिलं. चष्मा नाही. देवघरात पाहिलं. चष्मा नाही. साखरेच्या डब्यात पाहिलं. हो, एकदा तिथंही सापडला होता! पण आज तिथंही नाही.

नाकतोडा ओरडला,

"चष्म्या रे चष्म्या, मिळ.
चष्मा मिळेना,
काका उठेनात,
शेगडी पेटेना,
पाणी तापेना,
फडकं भिजेना,
तोंड उघडेना,
शाई येईना,
आणि मी हिरवा होईना!"

गॅलरीतून बारीक आवाज आला. "मी इथं आहे! मनीच्या पोटाखाली! फार गरम होतंय रे! पण मी कसा मिळू? मनी हलेल, तर मी मिळेन."

नाकतोडा निघाला. सळ् टुण्ण, सळ् टुण्ण. गॅलरीत ऊन. उन्हात पेपर. पेपरावर मनी. गोल गोल, लोळागोळा मनी. पोटाखालून चष्म्याची एक दांडी बाहेर आलेली.

नाकतोडा जरा घाबरला. मग धीर करून म्हणाला,

"मने गं मने, हल.
मनी हलेना,
चष्मा मिळेना,
काका उठेनात,
शेगडी पेटेना,
पाणी तापेना,
फडकं भिजेना,
तोंड उघडेना,
शाई येईना,
आणि मी हिरवा होईना!"

मनीनं एक कान हलवला. बाकी काही नाही. म्हणाली, "मिय्यांव! नाकतोडे मी खाते. पण निळे खात नाही. वाचलास! आणि मी कशी हलू? मी कुणासाठी हलत नाही. काकांसाठी नाही. दुधासाठी नाही. रेवूची हाक आली, तरच हलते. सकाळपासून हाक नाही. घर कसं सुनं सुनं झालंय. रेवू बोलेल, तर मी हलेन."

नाकतोडा निघाला. सळ् टुण्ण, सळ् टुण्ण. काकांच्या दारातून बाहेर. रेवूच्या दारातून आत. ऊन कलायला लागलं होतं. टेबलाखाली होती रेवू. गाल फुगलेले. ओठ मिटलेले. जवळ नवं कोरं दप्तर.

आई म्हणत होती, "रेवू, बाहेर ये गं बाळा. गूळपोळी देते."

रेवू गप्प.

आई कपडे काढायला गच्चीवर गेली. नाकतोडा टेबलाखाली गेला. म्हणाला,

"रेवू गं रेवू, बोल.
रेवू बोलेना,
मनी हलेना,
चष्मा मिळेना,
काका उठेनात,
शेगडी पेटेना,
पाणी तापेना,
फडकं भिजेना,
तोंड उघडेना,
शाई येईना,
आणि मी हिरवा होईना!"

रेवूनं मान हलवली. नाही! बोटानं दप्तरावरची रिकामी जागा दाखवली. ती जागा नाकतोड्याची. नाकतोडा येईल, तर रेवू बोलेल.

"अगं, मीच तो!" नाकतोडा म्हणाला. "मीच तुझा नाकतोडा!"

रेवूनं त्याला खालून पाहिलं. वरून पाहिलं. निळी पाठ. निळे पाय. निळ्या मिशा. पुन्हा मान हलवली. नाही! नाही!

आता काय करायचं? हिरवा झालो, तर रेवू बोलेल. रेवू बोलली, तर मी हिरवा होईन. पुढं कुणी उरलंच नाही. आता कुणाकडे जायचं?

नाकतोडा दप्तराला टेकून बसला. मिशा खाली पडल्या. "जाऊ दे," तो म्हणाला. "कागदात परत जातो. पण त्याआधी एक उडी मारतो हं. तुझ्यासाठी शिकलो होतो."

आणि त्यानं उडी मारली.

सळ् टुण्ण! रेवूच्या गुडघ्यावर.
सळ् टुण्ण! रेवूच्या खांद्यावर.
सळ् टुण्ण! थेट रेवूच्या नाकावर!

नाकाला झाली गुदगुली. फुगलेला गाल फुटला. फुस्स! मिटलेले ओठ उघडले. खुदकन! रेवू हसली. खुदुखुदु हसली. टाळ्या वाजवून हसली.

"उडी तर नाकतोड्याचीच आहे!" रेवू म्हणाली. "निळा असलास म्हणून काय झालं? तू माझाच आहेस!"

बोलली की हो! रेवू बोलली!

नाकतोडा म्हणाला, "मग आता मनीला हाक मार! मोठ्यांदा!"

रेवू दारात गेली. तोंडाशी हात धरले.

"मनेऽऽऽ! ये ये येऽऽ!"

जिन्यातून हाक गेली. खालच्या मजल्यावर गेली. वरच्या मजल्यावर गेली. वर पालकरकाकूंच्या हातातलं लाटणं थांबलं. "अगं बाई, जिन्यात पोराचा आवाज!" कपाटावरच्या हत्तीचे कान टवकारले. किती वर्षांनी जिना असा घुमला होता!

आणि मग...

रेवू बोलली.
मनी हलली. ताडकन उठली, शेपटी उभारून धावली.
चष्मा मिळाला. रेवूनं उचलला, काकांच्या नाकावर ठेवला.
काका उठले. "अरेच्चा! हा तर निळा! आपल्या हातचा असून निळा!"

काकांनी प्रिंटरचं बटण बंद केलं. वायर काढली. झाकण वर केलं. आत वाकून पाहिलं.

"हात् तिच्या! तोंड वाळलंय की रे तुझं! मी रंग पोरांसाठी राखत बसलो. राखता राखता तुला वाळवलं. चुकलंच माझं."

प्रिंटर जरासा खोकला, एवढंच.

शेगडी पेटली. भप्प!
पाणी तापलं. कढत नाही हं, कोमट. बाळाच्या अंघोळीला असतं ना, तेवढंच.
फडकं भिजलं. काकांनी ते पिळलं. मलमलचं टोक तोंडावर टेकवलं. घासलं नाही. नुसतं टेकवलं. आणि बाळाचे ओठ टिपावेत तसं हळू हळू टिपलं.

फडक्यावर काहीच नाही.
पुन्हा टिपलं. काहीच नाही.
पुन्हा टिपलं. एक ठिपका! हळदीच्या बोटासारखा पिवळा ठिपका!

"आला! आला!" रेवू नाचली.

तोंड उघडलं. "आऽऽऽ! बरं वाटलं बाई!"
शाई आली. "आले रे आले! वाट बघून कंटाळले होते!"

आणि नाकतोडा? तो धावत कागदाकडे गेला. पांढऱ्या जागेत जाऊन झोपला. डोळे घट्ट मिटले. काकांनी कागद सरळ लावला. वायर जोडली. बटण दाबलं. प्रिंटर खोकला. थरथरला.

खर्रर्र... खट्!
खर्रर्र... खट्!

कागद बाहेर आला. सगळे वाकले. आणि काय पाहिलं?

एक पट्टा हिरवा, एक पट्टा निळा. एक पट्टा हिरवा, एक पट्टा निळा!

"हा तर पट्टेरी!" रेवू म्हणाली. "पायजम्यासारखा!"

नाकतोड्यानं डोळे उघडले. तांब्यात पाहिलं. पुन्हा घट्ट मिटून घेतले.

काका हसले. "अर्धं तोंड उघडलं, अर्धं अजून चिकटलेलं. म्हातारं माणूस आहे बाबा. घाई करून चालायचं नाही. जरा भिजू दे. जरा बसू दे."

सगळे बसले. काका बसले. रेवू बसली. मनी तिच्या मांडीत बसली. ओलं फडकं शाईच्या तोंडावर बसलं. कुणी घाई केली नाही. काकांनी कपाटाकडे बोट केलं. "हा हत्ती कुणाचा, माहीत आहे? आणि ही मासोळी? या छत्रीवाल्याला पहिल्या दिवशी मी कडेवर नेलं होतं."

सांगता सांगता काकांचा चष्मा धुकट झाला. रेवूनं तो आपल्या फ्रॉकनं पुसला.

मग काकांनी पुन्हा एकदा टिपलं. हळू हळू टिपलं. कागद लावला. बटण दाबलं. या वेळी प्रिंटर खोकला नाही.

खर्रर्र... खट्!
खर्रर्र... खट्!

पाठ हिरवी! पाय हिरवे! मिशा हिरव्या! गच्चीवरच्या गवतासारखा हिरवागार नाकतोडा!

फक्त एका पायाचं टोक निळं राहिलं. अगदी टोक.

काकांनी चष्म्यातून निरखलं. "पुन्हा करू या का गं?"

रेवू म्हणाली, "नको. तेवढा निळा राहू दे. म्हणजे मला कळेल, हा तोच. माझ्या नाकावर बसलेला."

संध्याकाळी नाकतोडा दप्तरावर चिकटला. सकाळी दप्तर रेवूच्या पाठीवर बसलं. रेवू जिना उतरली. दर पायरीला नाकतोडा म्हणाला, सळ् टुण्ण, सळ् टुण्ण. पालकरकाकू कठड्यावरून इतक्या वाकल्या, की पदर खाली लोंबला. "अगं, काय मिळालं? दाखव की जरा!"

"नाकतोडा!" रेवू म्हणाली. "हिरवा!"

आणि ती रडली नाही. नाकतोडा बरोबर होता ना!

तेव्हापासून काकांचा नियम बदलला. रंग राखायचे नाहीत. रंग बोलवायचे. दर रविवारी झाकण निघतं. बटण दाबतं कोण? रेवू!

खर्रर्र... खट्! हत्ती.
खर्रर्र... खट्! मासोळी.
खर्रर्र... खट्! लाल लाल छत्री.

ती चित्रं घेऊन रेवू घरोघर जाते. हत्तीवाल्याच्या आईच्या दारावर हत्ती चिकटवते. मासोळीवालीच्या बाबांच्या दारावर मासोळी चिकटवते. दारं उघडतात. कुणी हसतं, कुणी डोळे टिपतं, कुणी रेवूच्या हातावर लाडू ठेवतं.

आणि पालकरकाकू? त्यांच्या दारावर आहे लाल छत्री. मिशीवाला त्यांचाच! परवा सुट्टीला आला, तर दारातच थांबला. छत्रीवरून बोट फिरवलं. मग आत न जाता आधी काकांकडे धावला. दोन दोन पायऱ्या ओलांडत. धाड् धाड् धाड् धाड्!

जिना पुन्हा वाजला.

खर्रर्र झालं, खट् झालं,
हिरवं हिरवं पान आलं,
गोष्टीचं पान तुमच्या हाती दिलं!